इच्छुकांचा हिवाळा

उसाला तुरे आले की हिवाळा आला, असं मांजरीत राहायला आल्यापासून मी मानत आले आहे. सकाळी बससाठी उभी राहते तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला उसाचं रान असतं, त्यावर पांढुरक्या तुऱ्यांची झुलती रांग. दुसऱ्या बाजूला नव्या इमारती आणि त्यांच्या गेटवर घरघरत उभे असलेले पाण्याचे टँकर. ऊसतोड सुरू झाली की पाचट जाळल्याचा धूर खाली उतरतो आणि ओढणीत शिरतो. हडपसरला कॉलेजात पोचले तरी तो वास माझ्याबरोबर वर्गात येऊन बसतो.

यंदा मात्र तुऱ्यांच्या आधी पदवीधर मतदारसंघाचे फ्लेक्स आले. उड्डाणपुलाच्या खांबांना, रसवंतीच्या पत्र्यावर, बसथांब्याच्या मागे. ‘पदवीधर बंधू-भगिनींनो, आजच नावनोंदणी करा.’ खाली हात जोडलेला एक माणूस आणि त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक शब्द : इच्छुक.

त्या शब्दापाशी मी थांबले. बस आली, गेली. तसा साधा शब्द आहे. ज्याला इच्छा आहे तो इच्छुक. माझ्या आईला एकदा विमान अगदी जवळून बघायची इच्छा आहे, पण तिला कोणी इच्छुक म्हणत नाही. आमच्याकडे इच्छुक म्हणजे ज्याला पक्षाचं तिकीट हवंय तो. आणि गेल्या हिवाळ्यापासून तो शब्द मला नुसता वाचून पुढं जाता येत नाही.

रविवारी नोंदणीवाला एक मुलगा आमच्या दारातही आला. बाबा पलंगावर बसून बूट पुसत होते. ते खराडीच्या एका कंपनीची गाडी चालवतात.

“काका, घरात पदवीधर कोण?”

“आमच्यात अजून कोनी झालं नाही,” बाबा म्हणाले. ते बुलढाण्याकडचे, इतकी वर्षं इथं राहूनही बोलणं तसंच आहे. “हे पोरगी होईल आता.”

“नाही हो, पास होऊन तीन वर्षं झालेली लागतात.”

“मंग तीन वर्षांनी या नं. चहा घेता का?”

तो हसला आणि शेजारच्या दारात गेला. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. त्या मुलाच्या गळ्यातला पट्टा, त्यावरचं चिन्ह, तेच रंग. मला एकदम पिठाचा वास आला.

पिठाचा, कारण संगीताताईची गिरणी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी आहे. ताई मांजरीची सून. नवरा कंपनीत पाळीवर जाणारा, अबोल. दुपारी गिरणी बंद करून ताई त्याच पक्षाचं काम करायची. मी शाळेत होते तेव्हापासून तिला तसंच बघत आलेय. भुवईवर पीठ, खांद्यावर पिशवी, पिशवीत कुणाकुणाचे कागद. बायका डबे घेऊन यायच्या आणि दळण होईपर्यंत सगळं सांगायच्या : नळ, गटार, नवऱ्याचं पिणं, रेशनमधून उडालेलं नाव. गिरणीच्या आवाजात ताईला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती आणि गिरणी बंद झाल्यावरही ती तशीच मोठ्यानं बोलायची. हा तिचा पहिला दोष. पुढं तो फार महागात पडला.

माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांनी रजा टाकून टाकून चकरा मारल्या होत्या. शेवटी ताई मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, “साहेब जेवायला गेलेत.” ताई म्हणाली, “बरं झालं, आम्हीपण जेवून घेतो,” आणि तिथंच बाकावर तिनं डबा उघडला. मेथीची भाजी आणि भाकरी. खिडकीतला माणूस आमच्याकडे बघत राहिला. आमचं जेवण होण्याआधी साहेब आले. त्या दाखल्यावर मला कॉलेजची फी माफ झाली. आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं इथल्या मतदार यादीत आणली तीही ताईनंच. बाबांचं नाव तोवर गावाकडंच होतं, मतदानाला जायला त्यांना कधी जमायचं नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या बाजूची जागा सोडतीत महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा मला वाटलं, आता प्रश्नच नाही. तिकीट ताईचं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. पक्ष उमेदवार कसे निवडतात हा भाग सरांनी ‘तो तुम्ही घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता. मी घरी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की पक्ष उमेदवाराचं काम, निष्ठा आणि जनसंपर्क विचारात घेतात. मला ते पटलं होतं. छापलेलं असलं की मला पटतं. आमच्या घरात छापलेलं वाचणारी मी पहिलीच.

सोडत झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी रस्त्यावरचे चेहरे बदलले होते. ‘भावी नगरसेवक’ची ‘भावी नगरसेविका’ झाली होती. पुरुष होते तिथंच होते, तेवढेच मोठे. त्यांच्या कडेला बायका आल्या होत्या. बाळाशेठचा फ्लेक्स सगळ्यांत उंच. बाळाशेठ गावातले जुने जमीनवाले. उसाच्या रानावर इमारत उभी करणारे पहिले. त्यांच्या शेजारी त्यांच्या बायकोचा, सोनालीवहिनींचा फोटो होता. तो कुठल्यातरी घरगुती फोटोतून कापून घेतलेला, कारण वहिनींच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाच्यातरी हाताची बोटं तशीच राहून गेली होती. नव्या फ्लेक्सचा तो रॉकेलसारखा वास, त्यात जळत्या पाचटाचा. आजही तो वास आला की मला ती बोटं दिसतात.

मी ताईला म्हटलं, “तुमचाही एक लावू या ना.”

“कशाला? रोज बघतात की मला. फ्लेक्सवरपण बघायला लावलं तर मतं देतील का शिव्या?”

तेव्हा मी रोज बसमध्ये मनातल्या मनात एक उत्तर लिहायचे. शाळेपासून सवय आहे : ‘गुण-दोष स्पष्ट करा.’ ताईचे गुण लिहायला मला वेळ लागायचा नाही. दोष लिहायला बसले की अडखळायचे, पण प्रामाणिकपणे लिहायचे. ताई तापट आहे. नावं विसरते, ज्याचं काम केलं त्यालाच पुढच्या महिन्यात ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारते. फोटो काढताना हसत नाही. नव्या सोसायट्यांमध्ये गेली की गप्प होते, तिथल्या लोकांचं अर्धं इंग्रजी ऐकून बुजते. आणि दहाव्यांना जात नाही.

हा शेवटचा दोष बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या भागात राजकारण करायचं तर दहावा चुकवून चालत नाही. नदीच्या घाटावर दशक्रिया चालू असते, मंडपात माणसं बसलेली असतात आणि माइकवर पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतात. ज्याला मृताचं नाव नीट ठाऊक नाही तोही पाच-दहा मिनिटं बोलतो. कोण आलं, कोण आलं नाही, कोण आधी बोललं, हे सगळं लक्षात ठेवलं जातं. बाळाशेठ एकही दहावा सोडत नाहीत. पांढरे कपडे त्यांच्या गाडीतच टांगलेले असतात.

ताई पूर्वी जायची. मग एका उन्हाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांचा दहावा होता. मीही गेले होते. नदीवर जलपर्णी साचलेली, डास, तापलेला पत्रा. घरची माणसं सकाळपासून उपाशी, म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावर धरून घामानं निथळत होत्या. पक्षातले एक ज्येष्ठ बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. आजोबांवरून ते भागाच्या विकासावर आले, विकासावरून स्वतःवर. ताई मागून उठली आणि तिच्या त्या गिरणीच्या आवाजात म्हणाली, “साहेब, आवरतं घ्या आता. म्हाताऱ्या माणसांना उन्हात बसवलंय.”

मला आठवतं, आजोबांच्या सुनेनं तोंडावर पदर घेतला. ती रडत होती की सुटल्यासारखी हसत होती, मला कळलं नाही. जेवताना जो तो ताईला हळूच म्हणत होता, बरं केलं. पण ते हळूच म्हणणं. मोठ्यानं म्हटलं गेलं ते एवढंच : बाई तोंडाळ आहे. त्यानंतर ताईनं दहाव्यांना जाणं सोडलं. घरी मात्र जायची, दिवस झाल्यावर, माणसं पांगल्यावर, दळण घेऊन. ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

आता यात गुण कुठला आणि दोष कुठला? बसच्या खिडकीशी बसून मी हे सोडवायचा प्रयत्न करायचे. ज्या कारणासाठी मला ताई हवी होती, त्याच कारणासाठी ती त्यांना नको असणार, हे मला हळूहळू दिसत होतं. पण मी ते मान्य करत नव्हते.

मग मुलाखतींचा दिवस आला. पक्षाचं कार्यालय शहरातल्या जुन्या पेठेत. सगळ्या इच्छुकांना मोबाइलवर सूचना आली होती : सोबत एकच व्यक्ती आणावी, समर्थक, वाद्ये, हार आणू नयेत. गिरणीवरच्या बायका टेम्पो ठरवून बसल्या होत्या. कुणी नवी साडी काढली होती, कुणी ‘ताई तुम आगे बढो’ घोकलं होतं. ताईनं सगळ्यांना घरी पाठवलं.

“लिहिलंय ना आणू नका. मग नाही आणायचे.”

“अहो ताई, सगळे आणतात,” एक बाई म्हणाली.

“आणू देत. त्यांनाच कळेल ना, कोण सांगितलेलं ऐकतं ते.”

मलाही ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. ताईच्या घरच्यांना रजा नव्हती, म्हणून ती एक व्यक्ती म्हणून मी गेले. बसनं.

पेठेतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. फेटे, गळ्यात पट्टे, गाड्यांच्या टपावर उभी पोरं, गुलाल. फेटा बांधलेला एक घामाघूम माणूस दुसऱ्याला विचारत होता, “आपण कुणाचे रे?” आम्ही भिंतीला घासून घासून दारापर्यंत पोचलो. दारावर तीच सूचना मोठ्या अक्षरांत लावलेली. आत टेबलाशी चष्मा घातलेले एक काका नावं बघत होते.

“सोबत किती?”

“ही एकटी,” ताई म्हणाली. “तुमची पाटी वाचून आलोय.”

काकांनी चष्म्यावरून बघितलं. “पाटी वाचणाऱ्या आपण पहिल्याच. बसा.”

बाकावर सोनालीवहिनी बसल्या होत्या. नवी पैठणी, हातात मोबाइल, नखं कुरतडत. मला बघून सरकल्या. “तू गल्लीतली ना? कॉलेजला जातेस ती? माझंपण बीएस्सी झालंय. केमिस्ट्री.” मग आवाज खाली करून, “हे आत नक्की काय विचारतात गं? मी दोनदा नोकरीच्या मुलाखती दिल्यात, पण तिथं विषय तरी माहीत असायचा.”

मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. मी त्यांच्यात नुसते दोष बघायचं ठरवून आले होते.

बाळाशेठ फोनवर बोलत बोलत आले. “तू फक्त नमस्कार कर. बाकी मी हाय.” मग मला बघून, “ओ कॉलेज! ताईसंग आलाय व्हय? आमच्याकडं या की, शिकलेली पोरं पायजेतच आम्हाला.” ताईला त्यांनी वाकून नमस्कार केला. तो खोटा नव्हता. बाळाशेठ नमस्कार करण्यात कधी कसूर करत नाहीत.

ते दोघं आत गेले. दारातून बराच वेळ एकच आवाज येत होता, बाळाशेठचा. मध्ये एकदा हशा. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले.

आमची पाळी. आत तिघं निरीक्षक. चहाचे कप, बिस्किटं, मागं भिंतीवर थोरांच्या तसबिरी. मधले गृहस्थ सौम्य होते, सगळ्यांना आपण-आपण करत होते.

“ताई, आपलं काम आम्हाला ठाऊक आहे. त्याबद्दल वादच नाही. आपली भावकी केवढी आहे?”

“माहेरची की सासरची?”

“मतांची.”

“मतांची भावकी नसते साहेब. गिरणीवर येणाऱ्या बायका आहेत. त्या सगळ्या भावकींच्या आहेत.”

त्यांनी मान हलवली. “आपण एका दहाव्याला आपल्याच ज्येष्ठांना काही बोलला होतात म्हणे?”

“आवरतं घ्या म्हणाले होते. ऊन होतं.”

“बरं. आज खाली आपले किती लोक आलेत?”

“कोणी नाही. पाटी आहे ना.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज तसाच सौम्य. “ताई, पाटी शिस्तीसाठी असते. आम्हाला ताकदही बघावी लागते.”

“मग पाटीवर तसं लिहा की. ‘आणू नका म्हणतोय, पण आणा.’”

कडेचा एक जण फसकन हसला. मलाही हसू आलं. मला वाटलं, ताईनं बाजी मारली. वर्गात कुणी सरांना असं बिनतोड उत्तर दिलं की आम्ही बाकं वाजवतो. परतीच्या बसमध्ये मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताई खिडकीबाहेर बघत होती. मगरपट्टा आलं, गेलं. मग ती म्हणाली, “आशू, तिथंच गेलं बघ ते.”

“काय?”

“तिकीट.”

मी म्हटलं, असं कसं, तुम्ही तर बरोबर बोललात. माझ्याकडे बघून तिनं फक्त माझ्या ओढणीला लागलेला गुलाल झटकला.

पुढचे दिवस वाट बघण्याचे. ऊसतोडीचे ट्रॅक्टर जात होते, रस्त्यावर सांडलेली कांडकी पोरं उचलून चोखत होती. गल्लीत रोज नवी बातमी. ताईचं नाव पहिलं आहे. ताईचं नाव कापलं. बाळाशेठ दुसऱ्या पक्षात चालले. नाही, दुसऱ्या पक्षातले इकडं येतायत. ताई दळत होती. बायका डबे ठेवून जायच्या आणि विचारायच्या नाहीत. विचारायचं नाही म्हणून मोठमोठ्यानं थंडीबद्दल बोलायच्या. काम करणाऱ्यालाच तिकीट मिळणार ही आशा मला अजूनही सोडवत नव्हती. मी अभ्यास केला की पास होते, याच भरवशावर तर मी शिकत होते. बाबा म्हणायचे, “तू कायले जीव जाळतं? ताईले तिचं समजते नं.” पण ते स्वतः कामावरून आले की आधी गिरणीकडे बघायचे, उजेड आहे का.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. अर्ज कोणीही भरू शकतो, पण तो पक्षाचा ठरायला पक्षाच्या सहीचा एबी फॉर्म लागतो. आणि तो भांडण टाळायला अगदी शेवटच्या घटकेला देतात. ताई अर्ज भरून घेऊन सकाळपासून अर्ज घेणाऱ्या सरकारी कचेरीच्या आवारात बसली होती. मी तास बुडवून गेले. कडुलिंबाखाली खुर्च्या, वकिलांची गर्दी, चहावाल्याचा गडबडीत सांडलेला चहा. ताईचा फोन तिच्या मांडीवर उलटा ठेवलेला. तो वाजला की आम्ही दोघी दचकायचो. गिरणीचा पट्टा तुटल्याचा एक फोन आला. दुसरा फोन कुठल्यातरी कर्जाच्या जाहिरातीचा.

दुपारी बाळाशेठची गाडी आली. त्यांच्या हातात पारदर्शक फोल्डर होतं आणि फोल्डरमधून तो कागद दिसत होता. ताईला कोणीही काहीही कळवलं नव्हतं. एक फोनसुद्धा नाही. मला आजही सगळ्यांत जास्त चीड त्याची येते. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं.

बाळाशेठ थेट ताईकडे आले. “ताई, राग नका धरू. वरून झालंय. हिला आशीर्वाद द्या.”

वहिनी ताईच्या पाया पडल्या. त्यांचे हात गार पडले असावेत, कारण ताई ते हातात घेऊन चोळत राहिली. मग तिची नजर वहिनींच्या अर्जावर गेली. पक्षासाठी तिनं आजवर इतरांचे किती अर्ज भरून दिले असतील कुणास ठाऊक. ती म्हणाली, “हे प्रतिज्ञापत्र बघ. इथं तुझी सही राहिलीय. अशानं बाद होईल.”

बाळाशेठ घाबरले. “पेन, पेन कुठंय?” पेन माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. मी ते मुठीत धरून उभी राहिले. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. मग दिलं.

ते गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसावर ओरडले. “का सांगितलंत? बाद झाला असता तिचा!”

“झाला असता. मग त्या कागदावर माझं नाव आलं असतं का?”

“निदान त्यांना तरी...”

“त्या पोरीनं काय केलंय गं?”

ताईनं आपला अर्ज घडी घालून पिशवीत टाकला. लोक म्हणत होते, अपक्ष भरा, आम्ही आहोत. ती म्हणाली, “ज्या चिन्हासाठी इतकी वर्षं दारोदार गेले, त्याच्या विरोधात आता कुठल्या तोंडानं जाऊ? पहिलं दार उघडणारीच विचारेल, ताई, परवापर्यंत तर...” आणि वाक्य तिनं तसंच सोडलं.

निष्ठा. पुस्तकात ती गुणांमध्ये होती. मी वर्षभर विचार करतेय आणि मला अजून ठरवता येत नाही की ताईच्या बाबतीत ती कुठल्या रकान्यात टाकायची. कधी वाटतं, तिच्याइतकं सरळ माणूस मी पाहिलेलं नाही. कधी वाटतं, असल्या सरळ माणसांच्या जिवावरच तर हे सगळं चालतं. ती कुठं जाणार नाहीत याची त्यांना खात्री असते, म्हणून एक फोनही करावा लागत नाही.

वहिनी निवडून आल्या. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला दिवा गेला म्हणून मी त्यांच्या नंबरवर फोन केला. “बोला, नगरसेवक बोलतोय,” बाळाशेठचा आवाज. मी म्हटलं, वहिनींशी बोलायचं होतं. “अगं, मलाच सांग की, एकच हाय.” दिवा दुसऱ्या दिवशी लागला, हे नाकारून चालणार नाही. काम होतं. पण वहिनी कुठं गेल्या? त्या दिवशी बाकावर मला विषय विचारणारी, बीएस्सी झालेली ती बाई? ताईला डावलून निदान तिला तरी जागा मिळायला हवी होती. तीही मिळाली नाही. मग ही जागा नक्की कुणासाठी राखीव होती, या प्रश्नानं मी चिडते, आणि चिडून करायचं काय हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आता फ्लेक्सवर नवे इच्छुक आलेत आणि मला राहून राहून माझ्या पहिल्या मतदानाची सकाळ आठवते.

थंडी होती. शाळेच्या मैदानात दवानं ओली झालेली माती चपलांना चिकटत होती. बोटाला शाई लावून घेताना मला उगीच रडू येत होतं. आमच्याकडे एका प्रभागातून चार जण निवडायचे असतात, म्हणून चार मतं. तीन बटणं मी दाबली, फार विचार न करता. चौथी आमची जागा, महिलांची. तिथली नावं मी वरून खाली वाचली, मग खालून वर. जे नाव हवं होतं ते नसणार हे माहीत असूनही वाचली. आणि हात मागं घेतला. म्हटलं, नाही द्यायचं.

मशीन गप्प. मी बाहेर यायला वळले तर पलीकडून अधिकारी म्हणाले, “ताई, एक राहिलंय. सगळी बटणं दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही.”

“मला तिथं द्यायचं नाही.”

“मग नोटा दाबा. पण काहीतरी दाबा. मागं रांग आहे.”

मी पुन्हा पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले. शेवटच्या ओळीवर नोटा होतं. तिथं बोट नेलं. ‘त्या पोरीनं काय केलंय गं?’ असं कुणीतरी कानात म्हणाल्यासारखं झालं. बोट वर नेलं. कुणाचे किती गुण, कुणाचे किती दोष, बसमधलं सगळं उत्तर तिथं उभ्या उभ्या पुन्हा लिहिलं, आणि सोनालीवहिनींच्या नावापुढचं बटण दाबलं. लांब बीप वाजला. पहिलं मत दिल्यावर छान वाटतं म्हणतात. मला कुणीतरी हात धरून सही करायला लावल्यासारखं वाटलं.

फाटकाबाहेर, हद्दीची रेघ सोडून, पक्षाचं टेबल होतं. टेबलाशी संगीताताई. गळ्यात तोच पट्टा, समोर यादी, येणाऱ्यांना खोली क्रमांक सांगत होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

“दिलंस?”

“दिलं.”

“कुणाला ते सांगू नको. तुझी आई आली नाही अजून. तिची खोली वेगळी आहे, जिन्याजवळची. जा, घेऊन ये. डबे झाले असतील तिचे.”

मला तिचा इतका राग आला की मी मान खाली घालून तशीच चालायला लागले. घरी आई डब्यांची शेवटची पिशवी बांधत होती. बाहेरची पन्नास माणसं जेवू घालणारी माझी आई. घरात मी काय बोलत असते त्यातलं निम्मं तिच्या कुकरच्या शिट्ट्यांत जातं. तिनं हात पुसले, केसांवरून पाणी फिरवलं, चांगली साडी नेसली. आरशात बघून टिकली नीट केली. ताईनं नाव घालून दिल्यापासून तिचंही इथलं हे पहिलंच मतदान होतं. चपला घालता घालता तिनं विचारलं,

“ताईचं बटन कोन्तं हाय वो?”

“ताईचं बटण नाहीये, आई. ताई उभी नाहीये. सांगितलं होतं ना तुला.”

आई एक चप्पल घालून तशीच थांबली.

“नाही? मंग ते तिथं सकाळपासून कायले बसली?”

मी दाराला कुलूप लावलं. आई उत्तराची वाट बघत उभी होती, आणि आम्हाला त्याच टेबलासमोरून जायचं होतं.